डोरसेटच्या हॉटेलातला युवराज

मावशीच्या बैठकीतला जांभळा पडदा न विचारता काढून न्यायचा, अंगाला गुंडाळायचा आणि तिच्याच मालकाच्या हॉटेलात तिच्याच हातचं जेवायला जाऊन बसायचं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात ते अर्वेलाबाईंना ठाऊक नव्हतं. त्या स्वतः चौथीत शाळा सोडलेल्या. पण भाचा लेम्युएल पदवीधर होता, काळ्या मुलांच्या शाळेत भूगोल शिकवायचा. तेव्हा पदवीतच असलं काहीतरी असणार.

पडदा त्यांनी लांबूनच ओळखला. स्वयंपाकघराच्या ज्या खिडकीतून त्या बशा पुढे सरकवत, तिथून समोरच दिसला. झालर त्यांनीच शिवली होती. डोक्याला टॉवेल होता, तोही त्यांचाच.

डोरसेटसाहेबांचं हॉटेल मेरीलँडच्या हमरस्त्यावर, वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या मध्ये. त्या वर्षांत आफ्रिकेत नवेनवे देश स्वतंत्र होत होते आणि त्यांचे राजदूत याच रस्त्याने ये-जा करायचे. भूक लागली की थांबायचे. गोरे हॉटेलवाले त्यांना हाकलून द्यायचे. मग रशियावाले जगभर सांगत सुटायचे, बघा हे तुमचे अमेरिकन मित्र. शेवटी वॉशिंग्टनहून एक सरकारी माणूस आला आणि डोरसेटसाहेबांबरोबर कॉफी पिऊन गेला. तेव्हापासून हॉटेलात नियम असा, की परदेशचा काळा माणूस पुढे खुर्चीवर बसून जेवेल आणि इथला काळा माणूस मागच्या दाराशी पुडकं घेऊन चालू लागेल. कोण कुठला ते ओळखायचं कसं, हे सरकारने सांगितलं नव्हतं. साहेब कपड्यांवरून ओळखत.

"अर्वेला, खेकड्याचे कटलेट कर. चांगले मोठे," साहेब खिडकीत डोकं घालून कुजबुजले. "गोबांडाचा युवराज आलाय."

"कुठला?"

"गोबांडाचा. आता मला नकाशा विचारू नकोस, आधीच घाम फुटलाय."

तोंड उघडलं असतं तर भाच्याच्या हातात बेड्या पडल्या असत्या. अर्वेलाबाईंनी कटलेट तळले. मोहरीची पूड मात्र चार चिमटी जास्त घातली. लेम्युएलला ती लहानपणापासून सोसत नसे. युवराजाने डोळे पुसत पुसत सगळी बशी संपवली.

साहेब परत खिडकीत आले. "बाहेर ये. त्याला स्वयंपाकिणीला भेटायचंय."

त्या खोलीत अर्वेलाबाई इतकी वर्षं फक्त फरशी पुसायला जात, तेही गिऱ्हाइकं गेल्यावर. एप्रनला हात पुसत त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या तेव्हा गोऱ्यांचे काटे-चमचे थांबले.

"आमच्या देशात," लेम्युएल घशातून जाड आवाज काढत म्हणाला, "रांधणारी बाई पाहुण्याशेजारी बसते. ती उभी राहिली तर तो राजाचा अपमान."

डोरसेटसाहेबांनी स्वतःच्या हाताने खुर्ची ओढली. लाल गादीची. अर्वेलाबाई पहाटेपासून उभ्या होत्या, घोटे भरून आले होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग भाच्याकडे. तो डोळ्यांनी विनवत होता.

"बस ना, अर्वेला," साहेब हळूच म्हणाले. "देशासाठी बस."

"साहेब, आज बसले तर उद्याही बसू का?"

"उद्या युवराज कुठे असणार?"

"तो नसेल. मी असेन."

"मग उद्या कशाला बसायचं?" साहेबांना खरंच कळेना.

"मग राहू द्या. तव्यावर काहीतरी करपतंय."

तव्यावर काहीही नव्हतं. त्या आत निघून गेल्या.

"माफ करा, महाराज," मागून साहेबांचा आवाज आला. "आमच्याकडच्या बायका जरा हट्टी असतात."

"आमच्याकडच्याही," युवराज म्हणाला.

दिवेलागणीला लेम्युएल पडद्याची घडी घेऊन हजर. अर्वेलाबाई ओसरीवर गरम पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

"कसं उघडं पाडलं त्याला, मावशी! आता आपल्या लोकांच्या पेपरात सगळं छापून आणतो. पण तू बसायला हवं होतंस गं. खुर्चीचा घाट तुझ्यासाठीच घातला होता मी."

"छापून आल्यावर डोरसेट काय करेल?"

"लाजेल!"

"तो? पुढच्या वेळी पासपोर्ट मागेल." त्यांनी पाय पुसले. "रविवारी चर्च सुटलं की मी जाणार आहे तिथे. पुढच्या दाराने. अर्वेला पिंकनी म्हणून, माझी निळी हॅट घालून. आणि जेवण मागणार."

लेम्युएलचं हसू गेलं. "नोकरी जाईल, मावशी. पोलीस धरून नेतील."

"नेऊ देत. तुरुंगात निदान दुसरं कुणीतरी रांधेल."

"अगं, घरभाडं? औषधं? या वयात कोण देणार तुला काम?"

"ते मला विचारतोस? तव्यापुढे उभी राहून दिवसभर दुसरा कसला विचार करत होते मी?"

तो पायरीवर बसला. मग खाली बघतच म्हणाला, "मी येऊ?"

"ये. पण स्वतःची पँट घालून ये," अर्वेलाबाई म्हणाल्या. "आज जेवला तो तुझा युवराज, लेम्युएल. तू उपाशीच उठलास, शहाण्या, आणि वर मलाही तसंच जेवायला बसवत होतास."