देवाच्या घोड्याचा पहिला घास

"लाल झाला! हात लाल झाला!"

मल्हारच्या अंगणात दोनशे माणसं एकदम ओरडली. मी फटफटीवरून उतरेपर्यंत निम्म्यांनी मोबाईल वर धरले होते. घरातल्या बाकीच्यांचे हळदीचे हात घागरीत धुऊन पिवळेच निघाले होते. मधोमध मल्हारची विधवा चुलती, कासाबाई, उभी होती. हळद माखलेला तिचा तळहात अश्वनाथ महाराजानं तांब्यातल्या तीर्थात बुडवला होता आणि तो खरंच लालभडक झाला होता.

मी धम्मशीला. मानवतजवळच्या या मेंढपाळांच्या वस्तीला जो सरकारी दवाखाना लागतो, तिथली जनावरांची डॉक्टर. दहा दिवसांत मल्हारचे शर्यतीचे दोन घोडे मेले होते. पहिला जत्रेतली शर्यत जिंकून, अंगावरचा गुलाल उडायच्या आत कोसळला. दुसरा दावणीलाच घामाघूम झाला, मागचे पाय लटपटले आणि गेला. दोन्ही वेळा मी शवविच्छेदनाला आले. दोन्ही वेळा "खंडोबाचं वाहन हाय, चिरायचं न्हाई" म्हणून मला बांधावरूनच वाटेला लावलं. आणि या भामट्याला मात्र जीप पाठवून आणलं! आता उरली होती एकटी चांदणी, पांढरी घोडी. तिची आई मेल्यावर मल्हारनं बाटलीनं दूध पाजून तिला वाढवलं होतं.

"हळद म्हंजी मल्हारीचं सोनं!" महाराज डोळे फिरवत गर्जला. "पुण्यवंताच्या हाती पिवळं, पाप्याच्या हाती रगत! अश्वलोकातून सांगावा आलाय, करणी हिचीच!"

अश्वलोक! गंगाखेडच्या पलीकडे कधी न गेलेल्या माणसाला अश्वलोकातून सांगावे येत होते.

"म्या डोळ्यानं पाह्यलंय," शेजारचा बालाजी म्हणाला. "रोज पहाटं ही चांदणीच्या गव्हाणीत हात घालून काय तरी करायली."

फाडकन आवाज झाला. कासाबाईच्या गालावर आधीचेच वळ होते, त्यांवर आणखी एक उठला. मारणारा मल्हार होता.

"कामून खाल्लीस माझी लेकरं, काकू?" म्हणत तोच रडत होता.

माझं डोकं फिरलं. मी गर्दीत घुसले. "मल्हारराव, चुन्याची डबी काढा."

"आँ?"

"तंबाखू खाता ना? काढा म्हणते!"

साध्या पाण्यात चुना कालवला. महाराजाचा हात भंडाऱ्यानं बरबटलेलाच होता. मनगट धरून पाण्यात दाबला. बाहेर काढला तर लालेलाल.

"काय महाराज? घोडे तुम्हीच खाल्ले वाटतं?"

गर्दी हसली. मघाशी बोंब मारणारेच हसले, हे लिहून ठेवते.

"हळदीला चुना लागला की ती लाल होते. तुमच्या आज्यांनी घरोघर असंच कुंकू केलंय," मी म्हणाले. "बाकीच्यांचे हात यानं त्या साध्या पाण्याच्या घागरीत धुतले आणि बाईचा या तांब्यात. तांब्याच्या बुडाशी बोट फिरवून बघा."

बालाजीनं फिरवलं. बोट पांढरं निघालं. महाराज जीपकडे सरकत होता, त्याची कफनी बालाजीनंच धरली. मी पोलिसांना फोन लावला.

"मंग घोडे कशानं मेले?" मल्हारनं विचारलं.

मी कासाबाईकडे वळले. "मावशी, गव्हाणीत काय टाकत होतात?"

"टाकत न्हवते बाई, काढत होते." तिचा ओठ फुटला होता, शब्द नीट निघत नव्हते. "नवं पोतं आल्यापून घोडे तोंड फिरवायलेत. दोन गेले, तवापून चांदणीची पेंड मी काढून शेरडाला टाकायची. शेरडाला काय बी होत न्हाई."

"मल्हाररावांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. मला म्हणला, देवाचा घास हाय, तोंड बंद ठीव."

या वस्तीची रीतच तशी. दाण्याचं, पेंडीचं नवं पोतं फोडलं की ते संपेपर्यंत रोजची पहिली पायली खंडोबाच्या घोड्याला, मग शेरडा-मेंढरांना. मी पोतं ओढून आणलं आणि मल्हारपुढं टाकलं. बारावी पास गडी.

"वाचा. मोठ्यानं."

"शेळी-मेंढीसाठी..." त्याचं बोट खालच्या ठळक ओळीवर आलं. "घोडा, गाढव यांना देऊ नये. प्राणघातक."

त्या पेंडीत रक्ती हगवणीवरचं औषध मिसळलेलं असतं. शेळीला ते मानवतं, घोड्याचं काळीज, म्हणजे हृदय, मात्र त्यानं सडतं. जितकं पळवाल तितका लवकर मरतो.

"आज चांदणीला काय घातलं?" मी विचारलं.

मल्हार म्हणाला, "महाराज म्हणले, दुप्पट घास द्या. काकूला तर आमी कोंडलं होतं. घोडी खाईना. म्या गूळ लावून हातानं भरवली. समदं संपेस्तोवर उभा होतो."

आम्ही गोठ्याकडे पळालो. चांदणी घामानं निथळत होती. नळी घातली, कोळशाची पूड आणि तेल पोटात सोडलं, सलाईन लावली. या विषावर उतारा नाही, हे मला माहीत होतं. तरी केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मल्हारच्या मांडीवर मान टाकून मेली. या वेळी त्यानं चिरायला नाही म्हटलं नाही. तिचं काळीज जागोजाग पांढरं पडलं होतं, मी ते त्याला दाखवलं.

मल्हारनं कासाबाईचे पाय धरले. तिनं ते मागं घेतले.

"गूळ लावल्याबिगर खाईना, तवा तरी कळाया पाह्यजे होतं, मल्हारा," ती म्हणाली आणि बोचकं उचलून लेकीकडे निघाली. ती परत आली नाही.

महाराजावर गुन्हा दाखल झाला, बरं झालं. पण चांदणीला त्यानं बोटही लावलं नव्हतं. तिला मारलं ते तिच्यावर जीव टाकणाऱ्या माणसानं.

म्हणून हात जोडून सांगते. पोतं फोडण्याआधी त्यावरचं वाचा. जनावर मेलं तर चिरू द्या. पहिला घोडा मला चिरू दिला असता तर चांदणी आज उभी असती. आणि एखाद्या बाईचा हात गव्हाणीत दिसला, तर मारण्याआधी एवढं तरी विचारा: बाई, काय करतेस?