चेनच्या कप्प्यातला फोन

मी बटणाचा मोबाईल बोलतोय. माझा तीनचा आकडा पुसला गेलाय, आवाज मात्र खणखणीत आहे. पण गेलं वर्षभर मला वाजायची मुभा नाही. दीपमालाच्या दप्तरात, चेनच्या कप्प्यात मी नुसता थरथरतो.

आधी मी तिच्या बाबांचा, भुजंगरावांचा होतो. त्यांनी नवा फोन घेतला आणि मला फडताळात टाकलं. दीपमालाने मला उचललं त्याला कारण होतं. दहावीत तिच्या बाकावर बसणारी मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही. तिचं लग्न लावून दिलं होतं. दीपमाला आणि तिची मैत्रीण रेणुका चिडल्या, रडल्या, आणि मग त्यांनी ठरवलं की असं लग्न कानावर आलं की मदतीच्या नंबरवर कळवायचं. आपलं नाव सांगायचं नाही. घरी तर मुळीच नाही.

आता दोघी अकरावीला आहेत. एसटीने बिलोलीच्या कॉलेजला जातात, भेळ खातात, सरांच्या नकला करतात, माझ्यावर सापाचा खेळ खेळतात. आणि मध्येच स्टँडमागे जाऊन हळू आवाजात एखाद्या मुलीचं नाव, गाव, लग्नाची तारीख सांगतात. दोन लग्नं थांबली. मग त्यांनी गावच्या शाळेतल्या पोरींना माझा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला.

तिसरं लग्न दीपमालाच्या चुलत्याच्याच, रामलिंगकाकाच्या घरी निघालं. त्यांची सृष्टी पंधरा वर्षांची. हळदीच्या सकाळी ती दीपमालाला बिलगून म्हणाली, "ताई, मला शाळेत जायचंय गं."

"दीपे, तुझा सख्खा काका हाय," रेणुका घाबरली. "कळलं तर?"

"कळू दे," दीपमाला म्हणाली. आणि हळदीच्या बोटांनीच तिने माझी बटणं दाबली.

दुपारी ग्रामसेवक आणि पोलीस आले. त्यांनी शाळेचा दाखला पाहिला, अठरा पुरी होईपर्यंत लग्न लावणार नाही असं रामलिंगकाकाकडून लेखी घेतलं. मांडव उतरला. काका अंगणात ओरडत राहिला, "घरातल्याच कोणीतरी केलंय हे! सापडू द्या, सोडणार न्हाई!" दीपमाला पाहुण्यांना पाणी देत होती.

संध्याकाळी भुजंगरावांनी तिचं दप्तर उघडलं. मला हातात घेऊन शेवटचा नंबर पाहिला. संपलं सगळं, असं मला वाटलं. मग त्यांनी तो नंबर पुसला, मला परत ठेवलं आणि चेन लावली. बाहेर जाऊन एवढंच म्हणाले, "परवा पेपर हाय ना तुझा? अभ्यासाला बस."

दीपमालाला हे अजून माहीत नाही. मला सांगता येत नाही, म्हणून जीव नुसता तळमळतो.

आज तो पेपर आहे. दप्तरं वर्गाबाहेर ओळीने ठेवलीत आणि मी थरथरतोय. तोच अनोळखी नंबर, तिसऱ्यांदा. कुणीतरी ती चिठ्ठी जपून ठेवलेली दिसते. पेपर सुटायला अजून वीस मिनिटं आहेत.

पोरी, जी कोण असशील ती, थकू नकोस. पुन्हा लाव. ती येतेच आहे.