उलटा धरला तरी

"धागा उलटा धरला असशील," साहेब म्हणाले. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"उलटा धरला तरी पीळ उलटा होत नाही, साहेब."

हे त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. धागा उभा धरावा. पिळाची तिरकी रेघ इंग्रजी एसच्या मधल्या भागासारखी उतरली तर एस पीळ, झेडच्या मधल्या रेघेसारखी उतरली तर झेड. धाग्याचं खालचं टोक वर केलं तरी एसचा झेड होत नाही.

आमची प्रयोगशाळा कस्टमची. बाहेरून आलेल्या मालाचे नमुने इथे येतात आणि आम्ही सांगतो ती वस्तू काय आहे. हा नमुना पॉलिएस्टरचा होता. प्रश्न एवढाच, की हा शिवणदोरा की साधं सूत? रीळ किलोच्या आत होतं, धाग्यावर वंगणाचा हातही होता. राहिला शेवटचा पीळ, म्हणजे पदर एकत्र वळताना दिलेला. झेड असेल तरच शिवणदोरा, आणि शिवणदोऱ्यावर कर जास्त. साहेबांनी झेड लिहिलं होतं. माल मागवणाऱ्या मोजे विणणाऱ्या बाईंनी हरकत घेतली, म्हणून फेरतपासणी माझ्याकडे आली. मी भिंगातून पाहिलं. एस.

"सही कर आणि मोकळी हो," साहेब म्हणाले. "तुला नोकरीत कायम करण्याचा कागदही इथेच पडलाय."

तो मला दिसत होता. त्यांच्या कोपराखाली.

बाहेर काका बाटल्या धूत होते. प्रयोगशाळेतले सर्वांत जुने परिचर. "बाई, साहेबांचा झेड म्हणजे झेड," ते म्हणाले. "बाराखडी त्यांच्या घरची आहे."

तपासून उरलेला धागा मी नोंद करून घरी नेला. आई कपडे शिवते. तिने काही न विचारता तो मशीनमध्ये ओवला आणि जुन्या चादरीच्या पट्टीवर टीप घातली. वीतभर गेल्यावर थांबली.

"हा शिवायचा कोण म्हणतो? बघ, पीळ सुटून नुसता पिंजारलाय."

"साहेब म्हणतात."

"साहेबांनी जन्मात बटण तरी लावलंय का?"

"सही केली नाही तर मी कायम होणार नाही, आई."

तिने धागा दातांनी तोडला. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं लोक तुझ्या बाबांना म्हणायचे. शिवी म्हणून म्हणायचे. मी मनात म्हणायचे, जाऊच नये." मग पट्टी माझ्या हातात दिली. "घेऊन जा. तुमच्या त्या भिंगापेक्षा माझी सुई बरी."

पण साहेब खोटं लिहिणाऱ्यातले नव्हते. मग त्यांना झेड दिसला कुठे? ते डोळ्यांच्या त्रासामुळे मायक्रोस्कोपला डोळा लावत नाहीत, कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहतात. सकाळी मी आलेखाच्या कागदाच्या कपट्यावर बारीक एस काढला आणि कॅमेऱ्याखाली ठेवला. पडद्यावरचा एस उलट्या बाजूला वळलेला होता, आरशात दिसतो तसा.

साहेबांना बोलावलं. त्यांनी कपटा हातात घेतला, परत ठेवला.

"कॅमेरा बसवून आठ महिने झाले," ते हळू म्हणाले. "किती दाखले गेले असतील, कळतंय तुला?"

"कळतंय. म्हणूनच तुम्हाला दाखवतेय."

"मग ऐक. सेटिंग बदल. यापुढचे सगळे बरोबर होतील. या एकावर झेड राहू दे."

"आणि मागचे?"

"मागचं कोणी उकरत नाही."

"त्या बाईंनी उकरलंय, साहेब."

फेरतपासणीची वही त्यांच्यासमोरच होती. तिच्यात खाडाखोड चालत नाही, पान फाडता येत नाही. मी शाईने लिहिलं : शेवटचा पीळ एस, शिवणदोरा नाही. खाली लिहिलं : कॅमेऱ्यातली प्रतिमा आरशासारखी उलटी, आठ महिन्यांतले पिळाचे सर्व निष्कर्ष पुन्हा तपासावेत. सही केली. कपटा आणि आईची पट्टी पानाला टाचली.

साहेबांनी माझा कागद ड्रॉवरमध्ये टाकला. "उद्यापासून नमुना कोठार. तिथे बस पीळ मोजत."

कोठार म्हणजे तळघरातली लांब खोली. एक खिडकी, छतापर्यंत फडताळं. दुसऱ्या दिवशी काका माझी खुर्ची उचलून खाली आले. "चांगलं चाललं होतं तुमचं," ते कुरकुरले. मग माझ्याकडे पाहून थबकले. "शिक्षा झालीये बाई, आणि तुम्ही हसताय?"

"काका, तपासून झाल्यावर उरलेले नमुने आपण कुठे ठेवतो?"

"इथेच की. दोन वर्षं ठेवायचे, नियमच आहे." बोलता बोलता ते फडताळांकडे वळले, आणि हातातली खुर्ची त्यांनी तिथेच टेकवली.

आठ महिन्यांचे सगळे धागे तिथे होते. पाकिटात बंद, क्रमांक घातलेले, साहेबांच्या सहीचे.

"शिडी आणता का?" मी म्हटलं. "वरच्या कोपऱ्यातून सुरू करू."

काकांनी शिडी आणली आणि स्वतःच वर चढले. पहिलं पाकीट खाली देताना म्हणाले, "साहेबांनी लिहिलंय, झेड."

मी धागा खिडकीपाशी उभा धरला, भिंग डोळ्याला लावलं. मग खाली उतरलेल्या काकांसाठी तो उलटाही करून पाहिला.

"लिहा, काका," मी म्हटलं. "एस."