साय धरायच्या आधी

"वहिनी, शाबासकी द्या! दोन दिवसांचं चार्जिंग एका दुपारीत उरकलं. परवा बॅटरी दादाच्या चाकाच्या खुर्चीला लागणार!"

वहिनीच्या हातातला चिमटा तिथेच थांबला. "पहिलं चार्जिंग?"

"हो. साहेबांना घाई होती."

"साहेबांना होती, आणि तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती?"

बॅटरीच्या प्रयोगशाळेत दीर यंत्रं सांभाळायचा, रसायनं वहिनीची. व्होल्टेज चढवलं की सेलचं धन टोक आतल्या द्रवावरच उठतं, म्हणून तिने त्यात चिमूटभर औषध मिसळलं होतं. ते बिचारं सगळ्यांच्या आधी स्वतः जळतं, आणि त्याचीच पातळ साय टोकावर धरते. तिच्या आडोशाने बाकीचा द्रव सुखाने नांदतो. पण दुधासारखंच, आच मंद हवी. घाई केली की साय फाटकी धरते, औषध मात्र संपून जातं.

"पुन्हा हळू चार्ज करतो ना."

"कशाच्या जिवावर? जळून गेलं ते!"

"सेल दिसायला तर ठणठणीत आहेत."

वहिनी तडक उठली. तिने मंद चार्ज केलेला आपला जुना सेल आणि त्याचा नवा सेल शेजारी शेजारी चाचणीच्या तापत्या कपाटात ठेवले, आणि दार असं आपटलं की शेजारच्या खोलीतला शिपाई डोकावून गेला.

सकाळी तिचा सेल वहीसारखा सपाट होता. त्याचा उशीसारखा टम्म फुगलेला.

"हे तुझ्या सख्ख्या भावाच्या बुडाखाली ठेवणार होतास?" तिने फुगलेला सेल त्याच्यासमोर धरला. "चढावर असताना पेट घेतला असता तर? त्याला उडी तरी मारता येते का?"

दिराचा चेहरा उतरला. त्याने सगळे सेल स्वतःच्या हाताने भंगाराच्या पेटीत टाकले. "साहेबांना तुम्ही सांगाल?"

"त्यांना तर मी सोडतच नाही. दादाला तू सांगायचंस. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने फोन लावला. अडखळत सगळं सांगितलं.

"बरं," दादा म्हणाला. "मग नवे सेल होईपर्यंत खुर्ची तूच ढकलायची. रोज. चढसुद्धा."

वहिनीने फोन हिसकावला. "आणि त्याला हळू ढकल म्हणावं," ती कडाडली. "घाईची खोड आहे मेल्याला!"