दोनदा तासलेला ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. हसू नका. वर्गात एखाद्याला उत्तर आलं नाही की तुम्ही त्याला माझंच नाव देता, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण मी जाळं विणायचं माप आहे, आणि आमच्या बंदरात कोणता मासा समुद्रात परत जाईल आणि कोणता टोपलीत येईल, हे मी ठरवतो.

कसं ते सांगतो. जाळं विणताना दोरा माझ्याभोवती घ्यायचा, लाकडी सुईने गाठ मारायची आणि मग मला अलगद बाहेर ओढायचं. मागे जे रिकामं घर उरतं, त्याला आस म्हणतात. मी जेवढा रुंद, तेवढी आस मोठी. आस मोठी असली की लहान मासे तिच्यातून निसटतात आणि मोठे अडकतात.

माझा जन्म एका मोडक्या वल्ह्यातून झाला. एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, ते वल्हं चुलीत न घालता त्याचा तुकडा कापला, घासून गुळगुळीत केला आणि आपली चार बोटं माझ्यावर टेकवून पाहिली. बरोबर चार बोटं रुंद! मग त्याने मला आपल्या मुलीच्या हातात दिलं. तिचा लहान भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून पुढे सगळा धक्काच तिला ताई म्हणू लागला. भावाला मात्र सगळे धाकटा म्हणत. त्याचे केस पिकले तरी तो धाकटाच राहिला.

धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताई आणि चार-पाच बायका पाय पसरून बसत आणि जाळी विणत. दुकानात तयार जाळी मिळायची, पण आमच्याकडे तळाला खडक. दुकानाचं जाळं पहिल्याच फेरीत चिंध्या होऊन परत यायचं. त्यामुळे प्रत्येक होडीला ताईच्याच दारात यावं लागे. भरलेल्या होड्या आल्या की लोक तांडेलाचं कौतुक करायचे, ताईच्या हाताचं कौतुक करायचे. माझं कुणी करत नसे. असो. आम्ही ठोकळे असलं मनावर घेत नाही.

पुढे म्हातारा तांडेल गेला आणि होडी धाकट्याकडे आली. होड्या वाढल्या, त्यांना इंजिनं लागली, आणि मोठी मासळी हळूहळू दिसेनाशी झाली. एक दिवस धाकटा रंधा घेऊन शेडमध्ये आला. मासे बारीक झालेत, जाळं तसंच ठेवून कसं चालेल, असं त्याचं म्हणणं. ताईने नाक मुरडलं, पण भावाचा पडलेला चेहरा तिला बघवेना. तिने मला त्याच्या हातात दिलं.

मित्रांनो, अंगावरून रंधा फिरतो तेव्हा कसं वाटतं, ते विचारू नका. माझ्या कुरळ्या सालपटांनी शेडची जमीन भरली आणि मी तीन बोटांचा झालो. मला वाईट वाटलं, पण त्या हंगामात होड्या काठोकाठ भरून आल्या आणि माझंही दुःख पातळ झालं. बाकीचे तांडेलही तशीच जाळी मागू लागले. काही वर्षांनी टोपल्या पुन्हा रिकाम्या. पुन्हा रंधा. मी दोन बोटांचा झालो.

या वेळी जी मासळी आली, ती पाहून मला शरम वाटली. बोटाएवढी पिल्लं! ती कुणी ताटात घेईना. ती ट्रकमध्ये भरून कोंबड्यांचं खाद्य करायला जायची. मग तीही कमी झाली. धाकट्याने घरी सांगून टाकलं, की हाही हंगाम असाच गेला तर बाबांची होडी विकायची आणि कुठे तरी नोकरी धरायची.

आणि एका सकाळी तो पुन्हा आला. एका हातात पिल्लांची टोपली, दुसऱ्या हातात रंधा. अजून तासलं असतं तर माझ्यात उरलं काय असतं?

ताईने मला मांडीखाली सरकवलं. तिने टोपलीकडे पाहिलं आणि कनवटीची सुरी काढून भावासमोर ठेवली.

"यात गाभोळी असलेला एक तरी मासा दाखव," ती म्हणाली. "मग खुशाल तास."

गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. धाकटा हसला. त्यात काय मोठंसं, असं म्हणत फतकल मारून बसला आणि मासे चिरू लागला. एक, दुसरा, तिसरा. त्याचं हसू कधी मावळलं ते त्यालाही कळलं नसेल. बायकांनी सुया खाली ठेवल्या. टोपली तळाला आली तरी अंड्याचा कण दिसेना. आम्ही जे धरत होतो, ते सगळे आई-बाप होण्याआधीच जात होते. धाकट्याने सुरी पुसून ताईसमोर परत ठेवली.

"मला कळतंय गं," तो म्हणाला. "पण मी एकट्याने मोठी आस लावून काय होणार? मी सोडलेली मासळी बाकीचे पुसून नेतील."

"बाकीच्यांची जाळी कोण विणतं रे?" ताईने विचारलं.

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्याच दिवशी शेडमध्ये ठरलं, की यापुढे जाळं मिळेल तर चार बोटी आसेचं, नाहीतर मिळणारच नाही. धक्क्यावर नुसता गोंधळ उडाला. तांडेलांनी ताईला नाही नाही ते ऐकवलं. शेवटी सगळ्यांची बैठक बसली, आणि तिथे आपलं बारीक आसेचं जाळं कायमचं मोडीत काढायला सगळ्यांत आधी कुणी आणून टाकलं असेल? आमच्या धाकट्याने. मासे अंड्यावर येतील तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि मासेमारी थांबवायची, हेही तिथेच ठरलं.

ते ठरवणं सोपं होतं, निभावणं नव्हतं. पहिल्या वर्षी टोपल्यांचा तळ झाकेना. धाकटा बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला जाऊ लागला. संध्याकाळी बधिर झालेले हात घेऊन तो शेडवरून जायचा, पण आत डोकावत नसे. ताईचे हात विणता विणता थांबायचे. आपण भावाच्या पोटावर पाय दिला का, याच विचाराने ती झुरत होती. होडी मात्र त्याने विकली नाही.

माझं काय झालं, ते सांगायचं राहिलं. तासलेलं लाकूड काही परत उगवत नाही. ताईने माझ्या दोन्ही कडांना एकेक पट्टी चिकटवली, खिळे ठोकले आणि मला पुन्हा चार बोटांचं केलं. सांध्यांशी दोरा अजूनही अडकतो. ताई मग मला दोन शिव्या घालते.

मासळी वाढायला काही वर्षं गेली. जुन्या काळाएवढी ती आजही नाही, आणि दोन-तीन जाती तर पुन्हा दिसल्याच नाहीत. पण परवा धाकटा धावतच शेडमध्ये आला. त्याने हातभर लांब मासा ताईपुढे ठेवला आणि सुरीने त्याचं पोट उघडलं. आत केशरी गाभोळी गच्च भरलेली.

"दाखवली," तो म्हणाला. "आता तासू का?"

ताईने मला उचललं आणि त्याच्या पाठीत एक सणसणीत रट्टा हाणला. मग भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "बघतोस काय? होड्या वर ओढायला सांग सगळ्यांना."

मित्रांनो, मी आज चार बोटांचा दिसतो, पण त्यातली माझी स्वतःची दोनच आहेत. समुद्राला अशा पट्ट्या ठोकता येत नाहीत. तुमच्याही हातात कधी तरी कसलं तरी माप येईल. ते तासायला रंधा उचलाल, तेव्हा एवढंच करा, आधी टोपलीत गाभोळी आहे का ते बघा.