वळायला जागा

मैनाचं पत्र दिवाळीनंतर आठ दिवसांनी आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत, आणि तिला सातवा लागला होता. तिनं लिहिलं होतं, "बाबा, यायचं फार मनात आहे. पण आपला रस्ता खराब, ह्यांची मोटार बुटकी, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात धक्के बसता कामा नयेत."

मी चिडलो, तो स्वतःवरच. मोठ्या सडकेपासून माझ्या शेतातल्या घरापर्यंत अर्धा मैल मुरमाचा रस्ता. पावसाळाभर ट्रॅक्टर घालून त्याची वाट मीच लावली होती. दोन्हीकडे खोल चाकोऱ्या, त्याही वाळून दगड झालेल्या, आणि मधे उंचवटा. बुटकी मोटार त्यावर पोट टेकून बसली असती.

माझी बायको दुर्गाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात मी एकटाच. रेडिओ लावून ठेवायचो, तो बातम्यांसाठी नव्हे. घरात कुणीतरी बोलावं म्हणून. मैना तीन महिने राहील, घरात बाळ रडेल, एवढ्या एका आशेवर मी एकोणीसशे चौसष्टचं ते साल रेटत होतो.

दुसऱ्याच दिवशी बाळापूरला गयासुद्दीन मिस्त्रीकडे गेलो. ट्रॅक्टरमागं लावायची लोखंडी अवजारं तो बनवायचा. त्यानं तीन चिजा दाखवल्या. एक जड फळी, नुसती ओढत न्यायची. दुसरा धारेचा लोखंडी खोका, माती खरवडून भरून नेणारा. तिसरं पातं, आमच्या वखराच्या पासेसारखंच, पण पुरुषभर लांब आणि हवं तसं तिरपं करता येणारं.

"फळी देऊन टाक," मी म्हणालो. "सपाट झालं म्हणजे झालं."

"पाटील, वावर करून राह्यले का सडक?" तो हसला. "वावरात पानी थांबलं पायजे, सडकेवरून गेलं पायजे. फळी खड्ड्यावर नुसती चादर टाकते. खोका माती नेते, पन सडकेले पोट येत नाई. मधात उंच, दोन्हीकडं उतार, हे काम पात्याचंच."

"मंग पातं दे."

"देतो. पन खोक्यानं मागं येतानाबी काम होते, पात्याचं तसं नाई. दोन्ही टोकाले ट्रॅक्टर वळवा लागते. सडकेकडच्या टोकाले जागा हाय?"

जागा होती. पार्बताबाईच्या दारापुढं.

पार्बताबाई माझी थोरली बहीण. कमी वयात विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा वडिलांनी सडकेलगतचं बरड तिच्या नावे करून दिलं; तिथंच ती घर बांधून राहते. मैनाच्या लग्नाच्या वर्षी वरातीची मोटार दारापर्यंत यावी म्हणून मी हा रस्ता केला, आणि त्याचा मुरूम तिच्या बरडातून काढला. तिला न विचारता. तिला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मागतला असता तं मी नाई म्हनलं असतं का?" यावर मी म्हणालो, "बापाच्या जमिनीतला मुरूम मागाचा काय?" लग्नात ती मांडवात उभी राहिली, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

गयासुद्दीनला हे ठाऊक होतं. गावाला काय ठाऊक नसतं? "बाईले इचारून घ्या," तो म्हणाला.

"काहून? सरकारी जागा हाय ते."

सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तो माझा. पातं घेऊन आलो. चार दिवस रस्ता खरवडला. कडेचा मुरूम मधे ओढला, पाण्याचे टँकर शिंपले, पुन्हा पातं फिरवलं. दर खेपेला पार्बताबाईच्या दारापुढं जाऊन ट्रॅक्टर हळू करायचा, वळवायचा, आणि मान सरळ ठेवून परत यायचं. ती ओट्यावर बसलेली असे. दिवसातून वीस वेळा तरी मी तिच्यापासून दहा हातांवर होतो.

रस्ता असा झाला की पाहत राहावं. मी मैनाला लिहिलं, "ताटलीत पाणी भरून मोटारीत ठेव. थेंब सांडणार नाही."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं.

"बाबा, अडचण रस्त्याची नव्हती. घरात बाईमाणूस नाही म्हणून सासूबाई पाठवत नव्हत्या. आत्या करील म्हटलं असतं तर त्या लगेच तयार झाल्या असत्या. पण आत्याचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठता, म्हणून मी रस्त्याचं लिहिलं. वाटलं, रस्ता करताना तरी तुम्ही तिच्याशी बोलाल. आता आठवा लागला, आठव्यात पाठवत नाहीत. बाळंतपण इथंच अकोल्याला होईल."

बैल गेला अन् झोपा केला. तसाच ट्रॅक्टर काढला, पार्बताबाईच्या दारापुढं नेला आणि या खेपेला मशीन बंद केलं.

ती ओट्यावरच होती. मी पत्र वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि एक मोठं गाठोडं घेऊन आली. चार लहान गोधड्या, दुपटी, टोपडी, आणि वेगळ्या पुरचुंडीत डिंक अन् खारीक.

"दिवाळीपासून शिवून राह्यली होती," ती म्हणाली. "चार दिवस तू दाराशी येऊन गाडी हळू करे. दर खेपेले मले वाटे, आता बंद करते मशीन, आता उतरते. मी चहाचं आधन ठेवो. तू वळून चालला जाये."

जन्मात कुणाला काही मागितलं नव्हतं. "बाई, माह्यासंगं अकोल्याले चालतं का?"

ती गाठोड्याची गाठ आवळू लागली. "तिथं तिची सासू हाय. मले कोनं बोलावलं? घरचं बाळंतपन असतं तं आली असती." गाठोडं तिनं माझ्या हातात दिलं. "हे पोचव. अन् अंधार पडाच्या आंत घरी जाय."

मी गाठोडं मांडीवर घेऊन ट्रॅक्टर वळवला. रडत होतो, लाज कसली, बघायला कोण होतं? घरापर्यंत अर्धा मैल आलो. मांडीवरचं गाठोडं जरासुद्धा हललं नाही. सगळ्या रस्त्यात एकही धक्का बसला नाही.