फळ्याखालचं नाव

आमच्या गावात पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. पालखी कधी निघणार, कुणाची म्हैस हरवली, कोण वारलं, सगळं त्याच्यावर खडूने लिहितात. नियम एकच, लिहिणाऱ्याने खाली स्वतःचं पूर्ण नाव घालायचं. फार पूर्वी कुणा टवाळाने एका धडधाकट माणसाची मयत लिहिली आणि अर्धं गाव रडत त्याच्या दारात जाऊन उभं राहिलं, तेव्हापासूनचा हा नियम. मी शाळेत बाई, अक्षर बरं, म्हणून वीस वर्षं फळा माझ्याच गळ्यात. मजकूर गावाचा आणि नाव सौ. हेमांगी हरिश्चंद्र राऊत.

अठ्ठ्याण्णव साली संग्रामशेठ नावाच्या एका टँकरमालकाने गावच्या कडेला जमीन घेऊन बोअर मारली. त्याचे टँकर तुळिंजकडच्या नव्या इमारतींना पाणी विकायला दिवसभर ये-जा करू लागले. वर्षभरात आमच्या विहिरी खारट झाल्या. शेजारच्या रखमाबाईची पानवेल उभ्याउभ्या जळाली. देवळात सभा भरली, माणसं तावातावाने बोलली आणि शेवटी रखमाबाईने मला सांगितलं, "लिव बाय. शेठनं आमचं पानी खारं केलं. परवानगी नाय, काय नाय. तशीच चोरी करतंय."

मी तसंच लिहिलं. सोमवारी सगळ्यांनी तहसीलदारांकडे निघायचं, हेही लिहिलं. खाली सवयीने माझं नाव घातलं. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्याच मनात आलं नाही, माझ्याही नाही.

सोमवारी अर्ज देऊन आलो, आणि नवव्या दिवशी रजिस्टर पोस्टाने मुंबईच्या वकिलाची नोटीस आली. अब्रुनुकसानी, पंचवीस लाख. सोबत फळ्याचा फोटो जोडलेला. माझं अक्षर मला इतकं परकं कधी वाटलं नव्हतं. मी उंबऱ्यावरच बसले.

आमचे हे मला वसई कोर्टाजवळच्या एका वकिलाकडे घेऊन गेले. त्याने फोटो बघितला आणि विचारलं, "सही कुणाची?"

"गावाने ठरवलेलं हो," मी म्हटलं.

"गाव म्हणजे कोण? नाव तर तुमचं एकटीचं आहे. लिहिलेलं खरं असेल, पण ते सिद्ध तुम्ही करायचं. दहा वर्षं तारखा खाल. आणि तुम्ही सरकारी शाळेत. ते खात्याकडेही तक्रार करणार."

परत आल्यावर मी सभेतल्या एकेकाच्या दारी गेले. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं, कुणाचा भाऊ शेठच्याच टँकरवर ड्रायव्हर. तावातावाने बोलणारे आता चहा घ्या म्हणत होते! एकटी रखमाबाई म्हणाली, "मी येतंय कोर्टात. मी बोलले ते तू लिवलंस. मी सांगीन जजला." सत्तरीची बाई, सहीला अंगठा. तिच्या भरवशावर घर-वाडी पणाला लावायची? मी नको म्हटलं आणि निघून आले.

मग शाळेसमोर एक पांढरी जीप उभी राहू लागली. आतून कुणी काही बोलायचं नाही, उतरायचं नाही. मी पाढे म्हणून घ्यायचे आणि मध्येच कितीवर होते ते विसरायचे. पोस्टमनची सायकल वाजली की मी मागच्या दाराने वाडीत निघून जायचे. आमचे हे दिवसाढवळ्या पुढच्या दाराला कडी घालू लागले. मी घाबरले होते, स्वच्छ सांगते. एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

शेठचा निरोप आला तो असा, त्याच फळ्यावर, त्याच अक्षरात माफी लिहायची आणि पंधरा दिवस पुसायची नाही. मजकूर टाइप करून पाठवला होता. मी लिहिला. 'गावच्या विहिरींचे पाणी गोड आहे. मी लिहिलेले खोटे होते.' खडू दोनदा तुटला. खाली नाव घातलं.

दुपारी रखमाबाई माझ्या घरी आली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंस?"

मी शेठचा कागद वाचून दाखवला. ती गेली, आपल्या विहिरीचं पाणी भरून तांब्या घेऊन आली आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवला.

"गोड हाय ना? पी."

मी तांब्याला हात लावला नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. नोटीस मागे घेतली गेली, जीप यायची थांबली. टँकर चालूच राहिले.

चार महिन्यांनी, एका सकाळी रखमाबाई गेली. तिच्या सुनेने नेहमीसारखा माझ्याकडेच निरोप धाडला. मी फळा ओल्या फडक्याने पुसला आणि लिहिलं. 'श्रीमती रखमाबाई यांचे आज पहाटे निधन झाले. अंत्ययात्रा अकरा वाजता.' खाली माझं पूर्ण नाव.

तेवढ्यात फुलांची टोपली सायकलला बांधून कॉन्रॅड आला. हा माझ्याच हाताखाली शिकलेला. एक पाय टेकून त्याने ते दोनदा वाचलं.

"टीचर, हे खरं, की हे पन कोनी लिवून घेतलं?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला अंत्ययात्रेसाठी आजचा बाजार बुडवायचा की नाही एवढंच ठरवायचं होतं.

"खरं आहे रे, कॉन्रॅड," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. मग सायकल गिरणीच्या भिंतीला टेकवली आणि स्वतः बघून यायला रखमाबाईच्या घराकडे चालू लागला.